आजी ९७, वडील ५२. मी कुणावर जाणार?

मला आलेलं पत्र असं आहे (थोडं आटोपशीर केलं आहे):

"डॉक्टर, नमस्कार. माझं वय ४४. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आमची आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या वर्षी ९७व्या वर्षी गेली. शेवटपर्यंत मिश्री लावायची, रविवारी तांबडा रस्सा ओरपायची, दवाखान्याची पायरी क्वचितच चढली असेल. तिचाच थोरला मुलगा, आमचे वडील, ५२व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. तेव्हापासून घरात दोन पार्ट्या आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, आपल्यात आजीचं रक्त आहे, काही होत नाही. बायको म्हणते, तुम्ही मामंजींवर गेलाय. मी तसा बारीक, वजन ६४ किलो, पोट तेवढं थोडं पुढं आलंय. मावा दिवसाला दोन-तीन पुड्या होतो. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता की ११७ वर्षं जगलेली एक बाई रोज तीनदा दही खायची आणि तिच्या पोटातले जंतू तरण्या माणसासारखे होते. त्यानंतर दुकानात एक जण येऊन गेला. जनुकं आणि आतड्यातले जंतू दोन्ही तपासायचं किट, बावीस हजार. घ्यावं का? आणि दह्यानं खरंच आयुष्य वाढतं का?"

किट घेऊ नका. पैसे भरले नसतील तर भरूही नका.

जनुकांची जी तपासणी तुमच्या उपयोगाची आहे, तिचा निकाल तुम्ही पत्रातच लिहून पाठवलाय. वडील ५२व्या वर्षी हृदयविकारानं गेले. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकारात सापडली, तर आम्ही डॉक्टर त्या घरातल्या सगळ्यांच्या केसपेपरवर ते ठळक लिहितो. तुमच्या पेपरवर ते कुणी लिहिलंय का, मला शंका आहे, कारण पत्रात एकाही रिपोर्टचा उल्लेख नाही.

आता तुमच्या भावाच्या पार्टीचं बघू. आजीची निम्मी जनुकं तुमच्या वडिलांकडे आली. तुमच्याकडे आली साधारण पाव. म्हणजे 'आजीचं रक्त' तुमच्यापेक्षा तुमच्या वडिलांत दुप्पट होतं, आणि तरी ते बावन्नाव्या वर्षी गेले. ज्याला ते दुप्पट मिळालं होतं त्याला त्यानं वाचवलं नाही, तर तुम्हाला आणि भावाला ते कसं राखणार? बाकीची पाऊण जनुकं आजोबांची आणि तुमच्या आईकडची आहेत, त्यांचा तर तुमच्या घरात कुणी विषयच काढत नाही.

बायकोची पार्टी सत्याच्या जवळ आहे, पण तिथंही 'वडिलांवर गेलाय' म्हणजे सगळं ठरूनच गेलंय असं नव्हे.

आयुष्य किती लांबेल यात जनुकांचा वाटा किती, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी जुळ्यांवरून सोडवायचा प्रयत्न केला. डेन्मार्कमध्ये १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या जुळ्यांच्या २,८७२ जोड्यांची नोंद तपासली, १९९६ साली तो अभ्यास छापून आला. त्यात पुरुषांत हा वाटा सुमारे २६ टक्के आणि बायकांत २३ टक्के निघाला. पुढं २०१८ मध्ये कोट्यवधी लोकांच्या वंशावळी घेऊन हिशोब केला तेव्हा तो दहा टक्क्यांच्याही खाली आला, कारण सवयींनी आणि राहणीनं सारखीच माणसं एकमेकांशी लग्न करतात आणि घरातलं ते साम्य आपण रक्ताच्या खात्यावर टाकतो. अलीकडं उलटंही म्हटलं जातंय. अपघात, साथीचे रोग असे बाहेरून आलेले मृत्यू बाजूला काढले तर जनुकांचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो, असाही एक हिशोब मांडला गेलाय. आकड्यांवर भांडण चालू राहील. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. पंचवीस टक्के म्हणजे तुमच्या ऐंशी वर्षांतली वीस वर्षं जनुकांनी दिली, असा त्याचा अर्थ नाही. माणसामाणसांच्या आयुष्यात जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांमुळे, एवढंच तो आकडा सांगतो. एकट्या तुमच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

किटवाला तुम्हाला एपीओई, फॉक्सओ-३ अशी नावं दाखवील. ही जनुकं खरी आहेत, दीर्घायुष्याशी त्यांचा संबंधही दिसलाय. पण फॉक्सओ-३चा चांगला नमुना निघाला म्हणून तुम्ही उद्या काय वेगळं करणार? आणि वाईट निघाला म्हणून काय वेगळं करणार? दोन्ही वेळा मी तुम्हाला मावा सोडा असंच सांगणार आहे.

हृदयाच्या बाबतीत मात्र एक अभ्यास माझ्या फार उपयोगी पडतो, कारण तुमच्यासारखी माणसं दवाखान्यात येऊन "आमच्या घरातच आहे हो" म्हणून हात टेकतात. २०१६ साली अमेरिका आणि स्वीडनमधल्या सुमारे ५५ हजार लोकांची जनुकं आणि राहणी दोन्ही तपासून तो प्रसिद्ध झाला. ज्यांची जनुकं हृदयविकाराला सगळ्यात जास्त पोषक होती, त्यांच्यातही ज्यांची राहणी चांगली होती त्यांना वाईट राहणीवाल्यांपेक्षा ४६ टक्के कमी धोका होता. राहणी चांगली म्हणजे योग्याचं जगणं नव्हे. विडी-सिगारेट नाही, लठ्ठपणा नाही, थोडा नियमित व्यायाम, बरं जेवण. यातल्या निदान तीन गोष्टी असल्या तरी ती माणसं चांगल्या राहणीत धरली होती.

आणि आपल्याला घाई का आहे तेही सांगतो. ५२ देशांतल्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५८-५९च्या सुमारास. तुमचे वडील आपल्याकडच्या मधल्या आकड्यावरच गेले. याच अभ्यासात पुरुषांमधला ९० टक्के धोका नऊ गोष्टींत मावला: रक्तातली चरबी, तंबाखू, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाज्या-फळं न खाणं, दारू आणि बैठी सवय. यातल्या बहुतेक गोष्टी टेपनं, रक्तदाबाच्या पट्ट्यानं किंवा रक्ताच्या एका बाटलीनं मोजता येतात.

"मी तसा बारीक" हे वाक्य वाचून मी थांबलो. बारीक अंग आणि पुढं आलेलं पोट ही आपली घरगुती अडचण आहे आणि तिचा अभ्यास पुण्यातच झालाय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा एक गमतीशीर फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, बीएमआय दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! दिसायला दोघंही सडपातळ. ही चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती बसते, आणि साखर, रक्तदाब तिथूनच सुरू होतो. तेव्हा ६४ किलोवर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास आत न ओढता मोजा. आपल्याकडच्या पुरुषाला ९० सेंटिमीटर ही हद्द आहे, बाईमाणसाला ८०.

आजीच्या मिश्रीचं काय, असं तुमचा भाऊ विचारणारच. तुमची आजी जन्मली तेव्हा हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य तिशीच्या आसपास होतं. पटकी, देवी, हगवण, बाळंतपण यांतून जी तरली तीच पुढं म्हातारी झाली. आईला विचारा, आजीच्या पाठची-पुढची भावंडं किती होती आणि त्यातली किती पन्नाशी बघून गेली. फ्रान्सच्या जान काल्माँ १२२ वर्षं जगल्या आणि कितीतरी वर्षं सिगारेट ओढत होत्या, हेही खरं आहे. मिश्रीनं ज्यांचं तोंड सडलं त्या आज्यांच्या गोष्टी कुणी ग्रुपवर टाकत नाही. गालाच्या आतला पांढरा चट्टा, मग न भरणारं जखमेसारखं काहीतरी, मग तोंड उघडायला त्रास, हे मी बघितलंय आणि त्यातल्या बऱ्याच बायका "आमची सासूबी लावायची की" असंच म्हणत आलेल्या.

मावा तर मिश्रीच्या पुढचा. त्यात तंबाखू आहे आणि सुपारीही, आणि तंबाखू वगळून नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं जाहीर केलंय. वर तंबाखूतलं निकोटिन दर पुडीला नाडी आणि रक्तदाब वाढवतं, दिवसाला दोन-तीन वेळा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, आणि पानटपरीवर मावा घोटून मिळायचा थांबला नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकदम सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर आहे, तिथं बोला. बावीस हजारांतली एक दमडी लागत नाही. दुसरं काही जमलं नाही तरी चालेल, पण हे एक करा.

आता दही. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण मेसेज अर्धा खरा आहे आणि अर्धा खरा मेसेज पूर्ण खोट्यापेक्षा जास्त पळतो.

ती बाई खरी. मारिया ब्रान्यास, जन्म १९०७ चा, स्पेनमधल्या कॅटलोनियात राहायच्या, ऑगस्ट २०२४ मध्ये ११७व्या वर्षी वारल्या. बार्सिलोनाच्या संशोधकांनी त्यांचं रक्त, लाळ, लघवी, शौच सगळं तपासलं आणि २०२५ मध्ये निष्कर्ष मांडले. आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम जातीचे जंतू भरपूर होते, जे वय वाढेल तसे सहसा कमी होतात. त्या रोज तीन वेळा दही खायच्या, हेही खरं. पण मेसेजनं जे गाळलं ते असं: त्यांच्या काही जनुकांची ठेवण हृदय आणि रोगप्रतिकाराला जपणारी होती, रक्तातली चरबी फार चांगली होती, अंगात दाह, म्हणजे आतल्या आत चालणारी सूज, कमी होता, आणि त्या विडी-सिगारेट, दारूच्या वाटेला गेल्या नव्हत्या. हा एका माणसाचा अभ्यास आहे. दह्यामुळे त्या ११७ जगल्या की ११७ जगणारी बाई दही खात होती, हे एका माणसावरून कुणालाच ठरवता येणार नाही.

दह्याची ही हवा जुनीच आहे. नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये बसून मांडलं होतं की बल्गेरियातले शेतकरी आंबट दुधामुळे दीर्घायुषी होतात. ते स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचे. ७१व्या वर्षी वारले.

तरी पण दही-ताक चांगलंच. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांना दोन गटांत वाटून दहा आठवडे खायला घातलं. एका गटानं आंबवलेले पदार्थ वाढवले, दुसऱ्यानं चोथा (फायबर). आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यात जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. छोटा अभ्यास, पण नीट केलेला. दह्यातले जंतू बहुतेक वेळा तुमच्या पोटात संसार थाटत नाहीत, पाहुण्यासारखे दोन दिवस राहून जातात. म्हणून महिन्यातून एकदा अशा जंतूंची तयार बाटली पिऊन भागत नाही, रोज थोडं लागतं. घरच्या विरजणाचं दही, त्याचं ताक, दुपारी एक तांब्या. मीठ अगदी चिमूटभर, कारण मिठाचं आपलं खातं चटणी, लोणचं आणि पापडानं आधीच फुगलेलं आहे. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, एवढीच मर्यादा आहे. दुकानातलं गोड फळांचं दही नको, ती साखर आहे.

पण आतड्यात जे कायमचे राहणारे आहेत, ते तुम्ही त्यांना काय घालता त्यावर जगतात. आपल्याला पचत नाही तो चोथा मोठ्या आतड्यात जातो, तिथं हे जंतू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी त्याच आम्लावर जगतात. चोथाच नसेल तर जंतूंची उपासमार होते आणि ते त्या अस्तरावरच्या बुळबुळीत थराकडे वळतात. आता आठवा, आजी काय खायची? तुम्ही लिहिलं नाही, पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या करवीर, राधानगरीकडच्या घरातलं मी सांगू शकतो. जोंधळ्याची नाहीतर नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, पावट्याची-वरण्याची आमटी, शेतातली मिळेल ती पालेभाजी, घुटं, ताक. उन्हाळ्यात नाचणीची आंबील. (आंबील आंबवून मग शिजवतात, त्यामुळे त्यातले बरेच जंतू मरतात, पण नाचणीचा चोथा आहेच.) मटण सणाला, पाहुण्याला आणि जत्रेला. रविवारचा तांबडा रस्सा हे तिच्या म्हातारपणातलं, पोरं कमवायला लागल्यावरचं.

तुम्ही तिचा रस्सा ठेवलात आणि भाकरी सोडलीत. मिसळीचंच बघा. मटकीची उसळ हा जंतूंसाठी मेजवानीचा पदार्थ आहे. पण प्लेटमध्ये उसळ खाली दोन चमचे, वर फरसाणाचा डोंगर, त्यावर तेलाचा कट, पुन्हा "कट वाढ रे", आणि बरोबर पांढऱ्या ब्रेडच्या स्लाइस. मी मिसळ बंद करा म्हणणार नाही, कोल्हापुरात राहून असं लिहिलं तर मला पेठेत फिरू देणार नाहीत. आठवड्यातून एकदा खा. बाकी दिवशी घरी मटकी, हुलगा, चवळी, पावटा यांतलं काहीतरी रोज ताटात असू दे आणि दोन वेळच्या चपातीतली एक वेळ भाकरीची करा. वीस वर्षं हे खाल्लं नसेल तर पहिले आठ-दहा दिवस पोट गुडगुडेल. हळूहळू वाढवा.

आतड्यातल्या जंतूंवर रक्ताचा वाटा किती, यावर इस्राएलमध्ये १,०४६ लोकांचा अभ्यास झालाय. जनुकांचा प्रभाव फारच थोडा निघाला, आणि नात्यात नसलेली पण एका घरात राहणारी माणसं जंतूंच्या बाबतीत एकमेकांसारखी निघाली. म्हणजे पोटातल्या जंतूंच्या हिशोबात तुम्ही आजीपेक्षा तुमच्या बायकोच्या जवळचे! म्हणूनच एकट्याचं डाएट करू नका, स्वयंपाक सगळ्या घराचाच बदलू द्या. किटमधली जंतूंची तपासणी अजून कच्ची आहे. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीशी जुळेलच असं नाही, आणि 'निरोगी' जंतूंचा ठरलेला तक्ता कुणाकडेच नाही. सर्दी झाली की मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेणं थांबवलंत तरी या जंतूंवर जास्त उपकार होतील.

अंगमेहनतीचं थोडक्यात. लेथपुढं दहा तास उभं राहणं हा व्यायाम नाही, त्यानं फक्त पाय सुजतात. आठवड्याला दीडशे मिनिटं घाम येईल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम लागतो. रंकाळ्याला फेरी मारून शेवटी चौपाटीवर भेळ खाणाऱ्यांत जाऊ नका. लहानपणी तालमीत गेला असाल तर जोर-बैठका येत असतीलच, दहा-दहापासून परत सुरू करा, पण आधी खाली सांगितलेल्या तपासण्या होऊ द्यात. तालमीवरून आठवलं. आपल्याकडं कुस्ती सुटलेले कितीतरी पैलवान पन्नाशीत साखर आणि गुडघे घेऊन येतात. मेहनत थांबली, खुराक थांबला नाही. त्यांची जनुकं तर तुमच्या-माझ्यापेक्षा भक्कम होती.

तपासण्या अशा: रक्तदाब, वेगवेगळ्या दोन दिवशी, बसून पाच मिनिटं शांत झाल्यावर. मोजायच्या अर्धा तास आधी मावा आणि चहा नको. उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). रक्तातली चरबी. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. आणि आयुष्यात एकदाच, लिपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातल्या चरबीचाच एक प्रकार. ही शेवटची तुम्ही ऐकली नसेल, पण वडिलांच्या वयाकडं बघून मी ती मागतोच. हिचं प्रमाण जवळपास पूर्णपणे जनुकांवर ठरतं, जेवणानं किंवा चालण्यानं फारसं हलत नाही, आणि ते डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीच्या चरबीवर जास्त कडक राहावं लागतं, कधी गोळीही लवकर सुरू करावी लागते. जनुकांवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथं करा. सगळं मिळून किटच्या किमतीच्या छोट्याशा भागात होतं.

धाकट्या भावालाही बरोबर न्या. वडील त्याचेही तेच होते. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर नुसतं "वडील हार्टनं गेले" असं म्हणून सोडू नका, "५२व्या वर्षी गेले" असं वयासकट सांगा आणि ते पेपरवर लिहून घ्या.